सीझेड 452 चा ट्रिगर जड आहे म्हणून स्प्रिंग कापू नका

तुम्ही लिहिलंय की सेकंडहँड सीझेड 452 (.22 ची रिमफायर रायफल, म्हणजे पिन काडतुसाच्या कडेवर आदळते अशी) घेतलीय, ट्रिगरला पाण्याची 2 लिटरची भरलेली बाटली टांगली तरी सुटत नाही, तर स्प्रिंगचे दोन वेढे कापू का. दादा, नका कापू. मी नेमकं हेच केलं होतं, म्हणून एवढं लांबलचक लिहितोय. मी गनस्मिथ (बंदुका दुरुस्त करणारा कारागीर) नाही, इथे न्यूझीलंडमध्ये सेंट्रल ओटागोत सशांमागे फिरणारा माणूस आहे, तेवढंच धरून वाचा.

ज्या दुकानातून घेतली तिथे विचारलं तर 'या रायफली जडच असतात' एवढंच उत्तर. उघडूनसुद्धा बघितली नाही, याचा राग मला अजून आहे. मग मी घरी गॅरेजमध्ये स्प्रिंग कापली आणि ट्रिगर एकदम लोण्यासारखा झाला. जूनमधली सकाळ, म्हणजे इथला हिवाळा, रेंजवर सगळं गोठलेल्या दवानं पांढरं पडलेलं, बोल्ट (काडतूस आत सारून मागून बंद करणारा दांडा) पुढे ढकलून बंद केला आणि गोळी सुटली, बोट ट्रिगरवर नसताना. नळी मातीच्या बांधाकडे होती म्हणून कुणाला काही झालं नाही, पण तो आवाज आठवला की आजही हात गार पडतात.

झालं काय, तर 452 मध्ये ती स्प्रिंग फक्त बोटाला विरोध करत नाही, सीअरला (ट्रिगर दाबेपर्यंत अडवून धरणारा खटका) वर ढकलून स्ट्रायकरच्या (काडतुसावर आदळणारी पिन) आड धरायचं कामही तीच करते. आधीच्या मालकाचं जुनं तेल आत सुकून गोंदासारखं झालेलं, जडपणा बराचसा त्याचाच होता, आणि थंडीत ते अजून घट्ट झालं. कापलेल्या स्प्रिंगमध्ये सीअर पूर्ण वर आणायची ताकदच उरली नव्हती.

म्हणून आधी साफ करा, मग तेल अगदी थेंबभर. मग लगेज स्केलनं (सामान तोलायचा हुकाचा काटा) ट्रिगर किती वजनाला सुटतो ते मोजा, माझी मूळ स्प्रिंग परत टाकून नुसत्या सफाईनं फरक पडला होता. तरी जड वाटली तर स्प्रिंगचा नट थोडा थोडा सैल करा, दर वेळी मोजा. शिकारीच्या रायफलला 1 किलोच्या खाली मी जाणार नाही, हातमोजे घालून चालताना हलका ट्रिगर नकोच, हे माझं मत, टार्गेटवाले वेगळं सांगतील.

नंतर रिकाम्या रायफलवर बोल्ट 20-30 वेळा जोरात बंद करा, दस्ता रबरी मॅटवर आपटा, सेफ्टी लावून ट्रिगर दाबा आणि मग सेफ्टी काढा. एकदाही स्ट्रायकर पडला तर सरळ गनस्मिथ. हे करताना चेंबरमध्ये (काडतूस बसतं ती जागा) स्नॅप कॅप (सरावाचं नकली काडतूस) ठेवा, रिमफायरची पिन रिकाम्या चेंबरच्या कडेवर आदळून कडेला खाच पाडू शकते.

आणि हे सगळं गार पहाटे रेंजवर पुन्हा करा, गॅरेजमधल्या उबेत पास झालेली रायफल थंडीत नापास होताना मी पाहिलीय. तिथे ट्रिगरचं वजन किती येतं तेही इथे लिहा.