जीपचं इंजिन बदलताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : काका, आमच्याकडे आजोबांनी घेतलेली विलीज जीप आहे, सीजे-2ए. संत्र्याच्या बागेत पाण्याची टाकी ओढायची. उन्हाळ्यात तिच्या इंजिनाचा ब्लॉक तडकला. ओळखीच्या भंगारवाल्याकडे सीजे-3बीचं हरिकेन इंजिन चालू हालतीत आहे. आमचा मिस्त्री म्हणते, "दोन्ही एकाच घरचे, बोल्ट बी तेच. बोनेट काप अन् बसव." नाही तर डिझेल टाकू म्हणते. काय करावं?
— एक वाचक, ता. वरुड, जि. अमरावती

उत्तर : भाऊ, तुमचा मिस्त्री खालच्या बाजूचं बरोबर सांगतो. तुमचं जुनं इंजिन आणि हरिकेन, दोन्ही 134 घनइंचांची, म्हणजे 2.2 लिटरची. बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, 3⅛ इंच आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, 4⅜ इंच, तेही सारखंच. बेलहाउसिंग, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्समधलं कवच, आणि तुमचा टी-90 गिअरबॉक्स, दोन्हींवर हरिकेन बसतं. घोडं अडतं ते वर. तुमच्या इंजिनाचे दोन्ही व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये आहेत आणि कार्बोरेटर बाजूला मॅनिफोल्डवर. हरिकेनमध्ये इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये, म्हणजे ब्लॉकवरच्या भागात, गेले आणि कार्बोरेटर हेडच्या डोक्यावर चढला. इंजिन उंच झालं म्हणूनच कंपनीने 1953 मध्ये सीजे-3बीचं नाक उंच केलं. नुसतं 3बीचं बोनेट आणूनही भागत नाही, कारण तिची जाळी आणि काचेखालचा पत्राही उंच आहे.

बोनेट कापू नका, असं मी अगदी कळकळीने सांगतो. आमच्या परतवाड्याच्या गॅरेजात चिखलदऱ्याच्या घाटात चालणाऱ्या जीपा यायच्या. त्यातली एक बोनेटला चौकोनी भोक पाडलेली होती. पावसाचं पाणी थेट कॉइलवर आणि प्लगांवर. श्रावणात ती घाटात बंद पडायची आणि मालक गिऱ्हाइकांसकट भिजत बसायचा. धूळ आत जायची ती वेगळीच.

आधी तुमचा ब्लॉक नीट बघा. या इंजिनात तडा बहुतेक वेळा एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटपासून सिलिंडरकडे जातो. हेड काढा, वरचा कोळसा ब्रशने घासून काढा, रॉकेलने पुसा आणि वर खडूची पूड चोळा. तडा असेल तिथे काळी ओली रेघ उमटते. तेवढाच असेल, तर अमरावतीला किंवा नागपूरला चांगल्या बोरिंगवाल्याकडून सिलिंडरला आतून स्लीव्ह (नळी) आणि नवी सीट बसवून घ्या. बाहेरच्या अंगाला, वॉटर जॅकेटवर, म्हणजे पाणी खेळतं त्या भागावर, तडा असेल तर तोही दुरुस्त होतो, पण मग प्रेशरने पाणी भरून तपासल्याशिवाय ब्लॉक ताब्यात घेऊ नका. माझं मत विचाराल तर आजोबांची गाडी तिच्याच इंजिनावर चालावी.

ब्लॉक अगदीच गेला असेल तर तुमच्यासारखंच जुनं, दोन्ही व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असलेलं साइड-व्हॉल्व्ह इंजिन शोधा, पण पैसे मोजण्याआधी टायमिंगचं झाकण उघडायला लावा. 1946 च्या सुमारापर्यंतच्या इंजिनात टायमिंग चेन होती, पुढे गिअर आले. चेनवर कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, क्रँकच्या दिशेने फिरतो, गिअरवर उलटा. ऑइल पंप कॅमवरूनच फिरतो. म्हणून चेनच्या इंजिनाचा पंप गिअरच्या इंजिनात चालत नाही. "पंप तर सारखाच दिसते" म्हणून कोणी बसवला, तर बेअरिंगं कोरडी फिरून जळतील. हरिकेन सगळी गिअरचीच असतात.

आता डिझेल. बाजारात महिंद्राचं 2523 सीसीचं इंजिन मिळतं, ताकदही आहे. पण ते जड, त्यात इंजिन बसवायचं फाउंडेशन नवं, गिअरबॉक्सला जोड नवा. आणि तुमच्या जीपचा डिफरन्शिअल 5.38 चा, म्हणजे टॉप गिअरमध्ये चाक एकदा फिरायला इंजिन 5.38 वेळा फिरतं. 6.00-16 च्या टायरवर, टॉप गिअरमध्ये, 3000 आरपीएमला गाडी ताशी जेमतेम 75 किलोमीटर जाणार. बागेत चालेल, वरुडहून अमरावतीला जायचं तर इंजिन सारखं ओरडत राहील. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 खाली आरटीओची परवानगी लागते, आणि पेट्रोलच्या आरसीवर डिझेल चढवणं सोपं काम नाही. पेट्रोलचंच दुसरं इंजिन टाकलं तरी नवा इंजिन नंबर आरसीवर चढवून घ्या. काम सुरू करण्याआधी कार्यालयात विचारा, नंतर नाही.

प्रश्न : 6 व्होल्टची जीप 12 व्होल्टवर नेली, तर सेल्फ तोच चालेल का?
— एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : चालेल, पण फार जोरात फिरेल. फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनामागच्या जड चाकाच्या, दातेरी रिंगवर आदळून दात जातात आणि लांब दाबून ठेवला तर सेल्फ जळतो. 12 चा सेल्फ घ्यायचा असेल तर आधी रिंगचे दात मोजा. या जीपांत 97, 124 आणि 129 दातांच्या रिंगा सापडतात. 12 व्होल्टला कंपनीने 129 ची दिली. सेल्फ आणि रिंग जोडीनेच घ्या. बल्ब, हॉर्न, कॉइल बदलावीच लागतील. पेट्रोलचा काटाही 6 चाच आहे हे विसरू नका, नाही तर पहिल्याच दिवशी जळेल.