पहिलं पिस्तूल: कॅलिबर कोणतं घ्यावं?

कॅलिबर म्हणजे नळीच्या आतली, म्हणजेच साधारण गोळीची जाडी. परवान्यात बसत असेल तर सरळ ९ एमएम घ्या. सरावाला चालतं, बाळगायलाही चालतं, आणि गोळी सुटताना हाताला बसणारा धक्का सोसवतो. अमेरिकेची तपास संस्था एफबीआयसुद्धा पॉइंट ४० (म्हणजे ०.४० इंच, जरा जाड गोळी) सोडून ९ एमएमवर परत आली, कारण नेम चांगला लागतो आणि दुसरी गोळी लवकर सुटते. हात अगदीच नवा असेल तर आधी पॉइंट २२ वर बसवा. गोळ्या स्वस्त, त्यामुळे सराव भरपूर होतो.

सुरुवातीला हमखास होणाऱ्या चुका:

- मोठ्या गोळीचा मोह. पॉइंट ४५ वाईट नाही, पण धक्क्याची धास्ती बसली की ट्रिगर दाबायच्या आधीच नळी खाली झुकते. मॅगझिनमध्ये (गोळ्या भरायच्या खोक्यात) मधेच एक डमी, म्हणजे न उडणारी गोळी घालून पाहा; ती आली की धक्का नसतानाही नळी झुकलेली लगेच दिसेल.
- खिशात मावतं म्हणून सगळ्यात छोटं पिस्तूल घेणं. तीच गोळी हलक्या पिस्तुलात जास्त झटका देते.
- नावावर जाणं. पॉइंट ३८० लाही ‘९ एमएम शॉर्ट’ म्हणतात, पण ती वेगळी गोळी आहे. नळीवरची खूण आणि डब्यावरचं नाव जुळल्याशिवाय भरू नका.

गोळ्यांचं वजन, वेग वगैरे सध्या राहू द्या. घेण्याआधी नेमबाजीच्या रेंजवर दोन-तीन पिस्तुलं चालवून मात्र नक्की पाहा.