प्रबंधात नापास केलं. अपील करून काही उपयोग होतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पदव्युत्तरच्या शेवटच्या सत्रात प्रबंधाला पास होण्यापुरतेही गुण पडले नाहीत. मार्गदर्शकांनी मसुद्यावर अभिप्राय दिला नाही, शेवटचा महिना तुम्ही आजारी होता, आणि परीक्षकांना तुमचा विषयच कळला नाही असं तुम्हाला वाटतं. अपील करावं का, आणि वकील लावावा का?

मी काही वर्षं एका विद्यापीठाच्या अपील समितीवर शिक्षक-सदस्य होते, म्हणून टेबलाच्या पलीकडून काय दिसतं ते सांगते. अपील जरूर करा. पण तुमच्या तीन तक्रारींपैकी जी तुम्हाला सगळ्यात जोरदार वाटतेय, तीच अर्जातून काढून टाका: ‘परीक्षकांना विषय कळला नाही.’

लिखाण किती गुणांचं आहे हे ठरवणं परीक्षकाचं काम. त्यात समिती हात घालत नाही आणि कोर्टही सहसा घालत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1978 च्या होरोविट्झ आणि 1985 च्या युइंग खटल्यात हेच सांगितलं. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2017 मध्ये रण विजय सिंह खटल्यात शंका असेल तर फायदा परीक्षा घेणाऱ्या संस्थेला द्यावा, अशी भूमिका घेतली. इंग्लंड आणि वेल्समध्ये विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी ‘ऑफिस ऑफ द इंडिपेंडंट अ‍ॅडज्युडिकेटर’ नावाची स्वतंत्र यंत्रणा आहे. तिला तर 2004 च्या कायद्यानेच शैक्षणिक मूल्यमापनाच्या निर्णयात शिरायची मनाई आहे. तेव्हा ‘मला जास्त गुण मिळायला हवे होते’ हे वाक्य अर्जात आलं की वाचणारा मनातल्या मनात फाइल मिटवतो. खोटं कशाला सांगू, मीही मिटवायचे.

मग चालतं काय? नियम मोडला गेला, हे दाखवता आलं तर चालतं. आमच्याकडे आलेला एक अर्ज जेमतेम दहा ओळींचा होता. प्रबंधाला एका परीक्षकाने 58 आणि दुसऱ्याने 34 गुण दिले होते. विभागाने सरासरी काढून 46 लावले आणि विद्यार्थी नापास. विद्यापीठाचाच नियम असा होता की दोन परीक्षकांत 20 पेक्षा जास्त गुणांचा फरक पडला तर प्रबंध तिसऱ्याकडे जायला हवा. अर्जदाराने दोन्ही आकडे लिहिले, नियमाचा क्रमांक दिला आणि ‘प्रबंध तिसऱ्या परीक्षकाकडे पाठवावा’ एवढंच मागितलं. मार्गदर्शकाबद्दल चकार शब्द नाही, घरच्या परिस्थितीबद्दल नाही. त्यावर चर्चा करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. त्याच बैठकीत एक सहा पानी अर्ज होता, अन्याय, मेहनत, स्वप्नं, सगळं होतं. तारीख एकही नव्हती.

असे आकडे हातात यायचे असतील तर आधी कागद मागवा: दोन्ही परीक्षकांचे गुण, शेरे, परीक्षा मंडळाच्या बैठकीतला तुमच्यापुरता भाग. हे मागणं म्हणजे उद्धटपणा नाही. भारतात सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये आदित्य बंदोपाध्याय खटल्यात माहितीच्या अधिकाराखाली स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क मान्य केला. युरोपीय न्यायालयाने डिसेंबर 2017 मध्ये नोवाक खटल्यात लेखी उत्तरं आणि त्यावरचे परीक्षकाचे शेरे ही परीक्षार्थीची वैयक्तिक माहिती ठरवली. (माहिती दुरुस्त करून घेण्याचा हक्क वापरून चुकलेली उत्तरं मात्र नंतर सुधारता येणार नाहीत, हेही त्याच निकालात स्पष्ट केलंय. वकील लोक कशाकशाचा विचार करतात!) अमेरिकेत 1974 चा फर्पा कायदा आहे, स्वतःच्या शैक्षणिक नोंदी दाखवा म्हटलं की संस्थेला 45 दिवसांच्या आत दाखवाव्या लागतात.

पण अपिलाची मुदत बहुतेक ठिकाणी याहून कितीतरी कमी असते, निकालापासून दोन-तीन आठवडे, कधी त्याहूनही कमी. म्हणून कागद येईपर्यंत थांबू नका. मुदतीत अर्ज द्या, ‘अमुक कागद मागवले आहेत, मिळताच जोडेन’ असं त्यात लिहा आणि अर्ज मिळाल्याची लेखी पोच घ्या.

आता मार्गदर्शकांचा मुद्दा. हा दमदार होऊ शकतो, पण यात एक मेख आहे. समितीचा पहिला प्रश्न असतो: तेव्हाच का नाही सांगितलंत? बऱ्याच विद्यापीठांच्या नियमांत स्पष्ट लिहिलेलं असतं की मार्गदर्शनाबद्दलची तक्रार निकालाआधी करायला हवी. निकालानंतर केलेली तक्रार ‘नापास झाल्यावर सुचलेली’ वाटते. त्यामुळे तुमचा मेलबॉक्स चाळा. विभागप्रमुखांना, समन्वयकांना, कुणालाही त्या काळात काही कळवलं होतं का? असेल तर अर्जातला परिच्छेद साधारण असा होईल:

‘नियम क्र. अमुकनुसार मसुद्यावर तीन आठवड्यांत लेखी अभिप्राय मिळणे आवश्यक आहे. मी मसुदा 4 मार्च रोजी ई-मेलने पाठवला, 28 मार्च रोजी स्मरणपत्र दिले आणि 15 एप्रिल रोजी विभागप्रमुखांना कळवले (जोडपत्रे 1 ते 3). प्रबंध सादर करण्याच्या मुदतीपर्यंत अभिप्राय मिळाला नाही.’

बस. ‘सर मुद्दाम टाळत होते’ हे लिहू नका. आकस सिद्ध करायला फार वेगळ्या दर्जाचा पुरावा लागतो, आणि तो नसताना आरोप केला की धडधडीत खरा मुद्दाही संशयास्पद दिसायला लागतो.

आजारपणाचंही तसंच. नुसतं आजारी होता एवढं पुरत नाही. त्या आजारामुळे काम कसं अडलं, आणि मुदतवाढ त्याच वेळी का मागितली नाही, या दोन्हींची उत्तरं लागतात. डॉक्टरांचं प्रमाणपत्र त्याच काळातलं असावं. निकालानंतर तपासून ‘एप्रिलमध्ये हे आजारी होते असे रुग्ण सांगतो’ असं लिहिलेल्या कागदाला जवळपास शून्य किंमत असते. तेव्हा न सांगण्याचं खरंखुरं कारण असेल, म्हणजे रुग्णालयात दाखल होता किंवा आजार मानसिक होता आणि तो ओळखायलाच वेळ लागला, तर ते सरळ लिहा. समितीतली माणसं हे समजून घेतात; निदान मी ज्यांच्याबरोबर बसले ती घ्यायची.

शेवटी काय मागताय ते स्पष्ट लिहा. ‘मला पास करा’ हे समितीच्या हातात नसतं. प्रबंध नव्या परीक्षकाकडे पाठवावा, किंवा हा प्रयत्न रद्द धरून पहिला प्रयत्न म्हणून पुन्हा सादर करू द्यावा, हे तिला करता येतं. दुसरी मागणी तुमच्या बाबतीत जास्त योग्य वाटते, कारण पुनर्परीक्षेला अनेक ठिकाणी गुणांवर कमाल मर्यादा असते आणि पहिला प्रयत्न मानला गेला की ती लागत नाही. फेरतपासणी मागणार असाल तर गुण कमीही होऊ शकतात का, ते नियमात आधी बघून घ्या.

वकील आत्ता नको. विद्यापीठातल्या सुनावणीत बहुतेक ठिकाणी वकिलाला बोलूच देत नाहीत. विद्यार्थी संघटनेचा सल्लागार किंवा सोबती म्हणून एखादी शांत डोक्याची व्यक्ती न्या.

विद्यापीठाने अपील फेटाळलं तर बाहेरची पायरी देशागणिक वेगळी. इंग्लंड-वेल्समध्ये ‘कम्प्लिशन ऑफ प्रोसीजर्स’ पत्र (विद्यापीठातली प्रक्रिया संपल्याचं पत्र) मिळाल्यापासून 12 महिन्यांत त्या स्वतंत्र यंत्रणेकडे जाता येतं. ऑस्ट्रेलियात फेब्रुवारी 2025 पासून राष्ट्रीय विद्यार्थी लोकपाल आहे. भारतात यूजीसीच्या 2023 च्या नियमांनुसार आधी विद्यार्थी तक्रार निवारण समिती आणि तिचा निर्णय पटला नाही तर 15 दिवसांत लोकपाल. त्या नियमांतही फेरतपासणीचा अर्ज लोकपाल ऐकत नाही. निकालावर परिणाम करणारी ठोस अनियमितता किंवा भेदभाव दाखवला तरच ऐकतो.

आणि हे सगळं चालू असताना पुनर्परीक्षेचा किंवा प्रबंध पुन्हा सादर करण्याचा फॉर्म भरायला विसरू नका. अपील प्रलंबित आहे म्हणून ती मुदत आपोआप थांबत नाही, आणि फॉर्म भरला म्हणून अपीलही सहसा रद्द होत नाही. तरी परीक्षा विभागाला तसं मेलवर विचारून उत्तर जपून ठेवा.