एकटं राहून रोज घरी ताजं जेवण करायची शिस्त कशी लावावी?

तुम्ही लिहिलंय, संध्याकाळी साडेसातला घरी येता, दर सोमवारी ठरवता की आता घरीच करायचं, आणि बुधवारी पुन्हा बाहेरून मागवता. सोलापूरहून पुण्यात नोकरीला आलो तेव्हा माझं पहिलं दीड वर्ष अगदी असंच गेलं. रविवारी मंडईतून आठवड्याची भाजी आणायचो, गुरुवारी मेथी पिवळी पडलेली आणि कोथिंबीर काळी. टाकताना फार वाईट वाटायचं.

खाणावळीच्या जेवणाने पित्त वाढलं, म्हणून दही तरी घरचं असावं असं वाटून रोज रात्री विरजण लावायला लागलो. पाव लिटर दूध, करंगळी सहज सोसेल इतकं कोमट, त्यात अर्धा चमचा विरजण. उन्हाळ्यात पाच-सहा तासांत लागतं, पुण्याच्या थंडीत दहा-बारा तास लागतात आणि पातेलं फडक्यात गुंडाळून ठेवावं लागतं. दोन मिनिटांचं काम. पण सकाळी दही तयार असायचं, आणि घरात दही आहे म्हटल्यावर नुसता भात लावला तरी जेवण होतं. भात लावतोच आहोत तर त्याच कुकरात तुरीच्या डाळीचा डबा ठेवायला काय जातंय? माझं वरण-भात-दही असं सुरू झालं. स्वयंपाक शिकायचा म्हणून काही ठरवलं नव्हतं.

म्हणून माझं मत असं की संध्याकाळच्या थकलेल्या जिवावर शिस्तीचा भार टाकू नका. तेव्हा पोटात भूक असते आणि हातात फोन. ठरवायचं ते आदल्या रात्री, पोट भरलेलं असताना. आणि नुसतं मनात ठरवून भागत नाही, ओट्यावर काहीतरी भिजत पडलेलं हवं. मटकीचंच बघा. रात्री भिजत घातली की सकाळी उपसून ओल्या फडक्यात बांधावीच लागते, आणि दुसऱ्या दिवशी मोड आले की ती उसळ केल्यावाचून गत्यंतर नसतं. फ्रिजमध्येही फार दिवस राहत नाही, पुढे वास येतो. ती तुमची वाट बघत असते, आणि त्या ओढीने माणूस घरी येऊन गॅस पेटवतो. माझ्यावर तरी कुठल्याही वेळापत्रकापेक्षा याचा परिणाम जास्त झाला.

उसळीला फार काही लागत नाही: तेलात मोहरी, हिंग, हळद, एक कांदा, मग मटकी, तिखट, गोडा मसाला, दोन आमसुलं, गुळाचा खडा. झाकणावर पाणी ठेवून शिजवा, म्हणजे खाली लागत नाही. मोडाची मटकी कुकरात घालू नका, पार गाळ होतो.

बाकी दिवसांसाठी मुगाच्या डाळीची खिचडी. अर्धी वाटी तांदूळ, पाव वाटी डाळ, तीन वाट्या पाणी, तीन शिट्ट्या. वर तूप. सोबत भाजलेला पापड आणि शेंगदाण्याची चटणी (ही मात्र मी अजून घरूनच आणतो, सोलापूरची चव इथे मला जमलेली नाही). पालेभाजी दोन दिवसांपेक्षा जास्तीची आणू नका.

पोळी-भाकरी पहिल्या महिन्यात करायलाच बसू नका, असं मी आग्रहाने सांगेन. बरेच जण तिथेच हरतात. पुढे भाकरी शिकाल तेव्हा गिरणीतून एका वेळी किलोभरच ज्वारी दळून आणा. पीठ जुनं झालं की त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते आणि थापताना भाकरी चिरते. दोष आपल्या हाताचा वाटतो, असतो पिठाचा. मी तीन महिने जुन्या पिठाशी झगडत होतो. ताजं दळण आणलं, पीठ चांगल्या गरम पाण्यात मळलं आणि त्या रात्री पहिली भाकरी तव्यावर टम्म फुगली. मी ती उभ्या उभ्याच खाल्ली, नुसत्या कांद्याबरोबर.

एखादा दिवस चुकेल, चुकू द्या. माझा आठवड्यातून एकदा अजूनही चुकतो. फक्त त्या रात्रीही झोपण्यापूर्वी विरजण लावा.

आज घरी जाताना पाव लिटर दूध आणि पाव किलो मटकी घ्या. एका वेळी वाटीभर मटकी भिजवू नका, एकट्याला मूठभर पुरते, भिजून मोड आले की तिप्पट दिसते.