घराजवळच, दोन लहान मुलांना घेऊन अर्ध्या दिवसात करता येतील अशा निसर्गरम्य सहली कशा ठरवाव्यात?

तुम्ही लिहिलंय की मोठं मूल साडेतीन वर्षांचं आहे, धाकटं दहा महिन्यांचं, गाडीत तासाभरापलीकडे दोघंही टिकत नाहीत आणि टेकडी, पाणी, झाडी असं काहीतरी जवळपास हवंय. मी तर सांगेन, तासभरसुद्धा नको. एका बाजूचा प्रवास 30 ते 40 मिनिटांचा धरा आणि त्या वर्तुळात जागा शोधा.

जागा निवडताना एकच कसोटी लावा: बघायला काही लांबवर हवं आणि खेळायला काही हाताशी हवं. साडेतीन वर्षांचं मूल देखाव्याकडे दोन मिनिटं बघतं, मग खाली बसून खडे गोळा करतं. त्यात चूक काहीच नाही. खडे, काटक्या, ओली माती, बसण्याजोगा आडवा ओंडका असं काही असलं की मूल तासभर रमतं, आणि तेवढा वेळ समोरची दरी किंवा तळं तुमचं. नुसता भव्य देखावा आणि पायाखाली फरसबंदी, अशा प्रसिद्ध जागी याच वयाची मुलं सगळ्यात लवकर कुरकुर करतात.

उंच डोंगराचीही गरज नाही. क्षितिज किती किलोमीटरवर दिसतं याचा सोपा हिशोब आहे: डोळ्याची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, त्याला 3.57 ने गुणा. सपाट जमिनीवर उभ्या मोठ्या माणसाला साधारण साडेचार किलोमीटर दिसतं. आजूबाजूला सपाटी असेल तर 50 मीटरच्या टेकडीवरून 25 किलोमीटर आणि 100 मीटरवरून 36. म्हणजे चढ दुप्पट केला तरी नजर दुप्पट लांब जात नाही. पहिले 50 मीटरच सगळ्यात जास्त देऊन जातात, आणि तेवढं लहान मूल स्वतःच्या पायांनी चढतं.

आता गुडघ्यावर बसून बघा. या वयाच्या मुलाची उंची मीटरभराच्या आसपास आणि डोळे त्याच्याही खाली. बऱ्याच निसर्ग-पॉइंटवर साधारण तेवढाच उंच भरीव कठडा असतो, म्हणजे मुलाला समोर दिसते ती फक्त भिंत. मग ते कठड्यावर चढायला बघतं, किंवा कौतुकाने आपणच त्याला वर बसवतो. हे कधीही करू नका. एक झटका, आणि तोल बाहेरच्या बाजूला जातो. गजांचं कुंपण असलेली जागा घ्या, त्याहून उत्तम म्हणजे हळूहळू उतरत जाणारं गवताळ पठार. तुटक्या कड्याच्या जागा मुलं मोठी होईपर्यंत सोडून द्या.

अशा जागा सापडतात नकाशावर. समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, असलेला नकाशा उघडा. 1:50,000 च्या नकाशावर एक सेंटीमीटर म्हणजे 500 मीटर. लागोपाठच्या दोन रेषांच्या उंचीत 20 मीटरचा फरक असेल तर वाटेच्या एका सेंटीमीटरमध्ये दोन रेषा म्हणजे मुलांना झेपणारा चढ, पाच रेषा म्हणजे खडा. रेषा एकमेकींना चिकटल्या असतील तिथे कडा आहे. मग उपग्रहचित्र लावून सावली किती, गाडी कुठपर्यंत जाते आणि वाट ओढा किती वेळा ओलांडते ते बघा. उन्हं कलली की पूर्वेकडचा उतार आधी सावलीत जातो, त्यामुळे दुपारनंतर निघणार असाल तर चढायची वाट त्या बाजूची घ्या. शक्य असेल तर दोघांपैकी एकाने आधी एकट्याने जाऊन यावं. बाबागाडीला मोठे दगड आणि पायऱ्या चालत नाहीत, आणि ते नकाशावर कळत नाही.

वेळेचा अंदाज सगळ्यांचाच चुकतो. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये एक नियम मांडला: 5 किलोमीटरला एक तास, शिवाय दर 600 मीटर चढाला आणखी एक तास. त्या हिशोबाने 2 किलोमीटरची, 100 मीटर चढाची वाट 34 मिनिटांत होते. लहान मूल चालत असेल तर हाच आकडा तिप्पट करा. साडेतीन वर्षांच्या मुलासाठी जाऊन-येऊन दोन किलोमीटर पुरे. आणि मूल दमण्याआधी मागे फिरा, कारण दमलेलं मूल उचलावं लागतं आणि तुमचे एक पाठ, दोन हात आधीच धाकट्यात अडकलेले असतात.

धाकट्यासाठी पाठीवरची चौकटवाली बैठक घेत असाल तर मूल आधाराशिवाय नीट बसणारं हवं. दहाव्या महिन्यात बहुतेक मुलं बसतात. यात तीन गोष्टी हमखास चुकतात. पहिली, मुलाचं डोकं तुमच्या डोक्याहून वर असतं. तुम्ही सहज निघून जाता त्या फांदीचा फटका त्याच्या तोंडावर बसतो. फांदी आली की मान नाही, गुडघे वाकवा. दुसरी, चढताना तुम्ही घामाघूम होता आणि मूल निश्चल बसलेलं असतं, त्यामुळे त्याला थंडी वाजतेय हे तुम्हाला जाणवत नाही. दर 20 मिनिटांनी मानेमागे दोन बोटं घालून बघा; तिथे कोमट आणि कोरडं लागलं पाहिजे. तळवे गार असणं तेवढं महत्त्वाचं नाही. तिसरी, पट्टे मांडीत रुततात, म्हणून अर्ध्या-पाऊण तासाने मुलाला बाहेर काढून पाय मोकळे करू द्या. बाबागाडीवर उन्हासाठी कापड पूर्ण झाकून टाकू नका. हवा कोंडते आणि आत झपाट्याने तापतं.

तळ्याकाठी जायचं तर सकाळी लवकर. जमीन तापली नाही तोवर वारा मंद असतो, पाणी आरशासारखं राहतं. सूर्यास्ताचं प्रतिबिंब हवं असेल तर पूर्व काठावर उभे राहा. सूर्य बुडायला किती वेळ आहे ते मोठ्याला मोजू द्या: हात पूर्ण लांब करून बोटं आडवी धरायची, खालचं बोट क्षितिजावर. सूर्यापर्यंत चार बोटं बसली तर विषुववृत्ताजवळ जेमतेम अर्धा तास उरलाय, ध्रुवांकडे जाल तसा जास्त. लहान मुलाचा हात आखूड असला तरी बोटंही बारीक असतात, म्हणून त्याचंही माप जुळतं. सूर्याकडे थेट टक लावू नये एवढं मात्र आधी सांगा.

वाहतं पाणी मात्र वेगळं प्रकरण आहे आणि इथे मला जरा ठासून सांगायचंय. ओढ्यात खेळत असताना पाणी एकाएकी गढूळलं, पालापाचोळा वाहत आला किंवा वरून घुमल्यासारखा आवाज आला, तर सामान तिथेच टाका आणि मुलांना घेऊन काठाच्या वरच्या बाजूला चढा. तुमच्या डोक्यावर आभाळ निरभ्र असलं तरी वर कुठेतरी पाऊस पडून गेलेला असतो. धरणाच्या खालच्या पात्रात तर उतरूच नका. धबधब्याजवळचे काळपट-हिरवे दगड शेवाळाचे असतात, त्यावर कुठलीच चप्पल टिकत नाही. आणि बुडणारं मूल हाका मारत नाही, हातपाय आपटत नाही, गुपचूप खाली जातं. पाण्याजवळ मूल हात लांबवला की पोचेल इतक्या अंतरावर ठेवा आणि ‘आता लक्ष माझं’ असं एकाने मोठ्याने म्हणून जबाबदारी घ्या. दोघं बघतायत म्हणजे बरेचदा कुणीच बघत नसतं.

समुद्रकिनारी खडकातली डबकी मुलांना सगळ्यात आवडतात. खेकडे, शिंपले, चिकटून बसलेले शंख, सगळं त्यांच्या उंचीवर. भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून पूर्ण ओहोटीच्या दोन तास आधी उतरा आणि पाणी वळलं की निघा. बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांमध्ये साधारण 12 तास 25 मिनिटं जातात, म्हणून आजची वेळ उद्या पाऊण-एक तासाने पुढे सरकते. पाणी एकसारखं चढत नाही: सहा तासांतल्या मधल्या दोन तासांत जवळजवळ निम्मी भरती येते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला तर जास्तच जपा.

ऊन-पावसाचं थोडक्यात. मुलाची सावली त्याच्यापेक्षा आखूड झाली की ऊन कडक, सावलीत या. गडगडाट ऐकू आला की उघड्यावरून निघा, एकट्या झाडाखाली थांबू नका, गाडीत बसा आणि शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटं तिथेच राहा.

चार नव्या जागा धुंडाळण्यापेक्षा एकच जागा वर्षभरात चार वेळा बघा असं माझं मत आहे. तेच झाड, तोच दगड. मोठं मूल दुसऱ्या खेपेला वाट स्वतः दाखवायला लागतं आणि कुरकुर आपोआप कमी होते.

उतरताना मुलं चढण्यापेक्षा जास्त पडतात, कारण मांड्या थकलेल्या असतात. मोठ्या माणसाने उताराच्या खालच्या बाजूला राहून हात धरावा. कोरडे कपडे पिशवीत नको, गाडीत ठेवा, म्हणजे ते भिजत नाहीत. परतीच्या वाटेवर दोघंही झोपतील. घरी पोचल्यावर धाकट्याला कार सीटमध्ये तसंच झोपू देऊ नका. हनुवटी छातीवर टेकून श्वासाला अडथळा येऊ शकतो. जाग आली तरी चालेल, पण उचलून सपाट अंथरुणावर निजवा.