नवा खेळाडू हवाच, पण आधी कागद घे

आपला फुटबॉल क्लब नवा खेळाडू घेणार अशी बातमी आली की लगेच 'घेऊन टाका' म्हणू नकोस. आधी कागदावर अकरा जागा मांड आणि प्रत्येक जागेपुढे दोन नावं लिही. एकच नाव दोन जागांवर आलं, तर तिथे भोक आहे. लेफ्ट बॅक (डावीकडचा बचावपटू) जखमी झाला की सेंटर बॅक (मधला बचावपटू) तिकडे सरकतो आणि एका दुखापतीत दोन जागा खिळखिळ्या होतात. डिफेन्सिव्ह मिडफिल्डरचं (बचावफळीपुढे खेळणाऱ्याचं) तर बहुतेक संघांत असंच रडगाणं असतं.

मग नोंदणी बघ. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये २१ वर्षांवरचे २५ च खेळाडू नोंदवता येतात, त्यांत 'होमग्रोन' (लहान वयात तिथल्याच क्लबांत घडलेले) नसलेले जास्तीत जास्त १७. म्हणजे परदेशी खेळाडू आणायचा तर आधी कुणाला तरी निरोप द्यावा लागू शकतो.

पैशात नवखे हमखास फसतात. १० कोटी पौंडांचा खेळाडू ५ वर्षांच्या करारावर घेतला, तर ती किंमत कराराच्या वर्षांत वाटली जाते आणि हिशेबात दरवर्षी २ कोटी पडतात, पगार वेगळा. दोन वर्षांनी वहीत त्याची किंमत ६ कोटी उरते. ५ कोटींना विकला तर १ कोटीचा तोटा. क्लबच्या अकादमीत घडलेल्या पोराला विकत घ्यावं लागलेलं नसतं, म्हणून त्याची मात्र जवळजवळ सगळी किंमत नफ्यात जाते, म्हणूनच क्लब आपलीच पोरं विकतात. जीव तुटतो, पण गणित तेच. चेल्सीने २०२३ मध्ये एन्झो फर्नांडिसला साडेआठ वर्षांचा करार दिला, तोही खर्च पातळ करायलाच. त्यानंतर करार कितीही लांब असला तरी हिशेबात खर्च जास्तीत जास्त ५ वर्षांतच वाटायचा, अशी मर्यादा आली.

आणि हो, नुसते गोल मोजू नकोस; किती मिनिटं खेळला तेही बघ.