डिंगी शर्यतीत वेग असूनही स्टार्टलाच मागे पडतो, चांगला स्टार्ट कसा घ्यावा?

तुम्ही लिहिलंय की नांदेडजवळच्या जलाशयावर दोन लेझर बोटींवर (एकट्यानं चालवायच्या छोट्या शिडाच्या बोटी) सराव करता, वेग बरा आहे, पण हैदराबादला हुसेन सागरवर पंचवीस-तीस बोटींत उतरलं की स्टार्टनंतर अर्ध्या मिनिटात दुसऱ्या रांगेत जाता. वेग असून असं होतं तेव्हा कारण बहुतेक एकच असतं: सिग्नलच्या क्षणी बोट रेषेजवळ असते, पण उभी असते. शेजारी चालत्या बोटीनं येतो, दोन लांब्या (एक लांबी म्हणजे एका बोटीची लांबी) पुढे निघतो आणि त्याच्या शिडानं तुटलेला वारा तुमच्या वाट्याला येतो. शंकरपटात जोडी रेषेवर उभी करून सोडतात; इथे बोट चालतीच रेषेवर आणावी लागते. म्हणून सगळी धडपड दोन गोष्टींसाठी करा: खालच्या अंगाला मोकळं पाणी आणि सिग्नलला पूर्ण वेग. (वारा येतो ते वरचं अंग, जातो ते खालचं.)

आधी घड्याळ. नेहमीच्या पद्धतीत 5 मिनिटं आधी क्लासचा (बोटीच्या प्रकाराचा) झेंडा वर जातो, 4 ला तयारीचा झेंडा वर, 1 ला तो खाली आणि शून्याला क्लासचा झेंडा खाली. वेळ झेंड्यावरून घ्या, भोंग्यावरून नको. आवाज उशिरा पोचतो, आणि भोंगा वाजलाच नाही तरी नियमानं झेंडाच धरला जातो. 5 ला घड्याळ लावलं की 4 ला पुन्हा जुळवा. तयारीचा झेंडा कोणता आहे हे वाचणं फार महत्त्वाचं. झेंडे इंग्रजी अक्षरांनी ओळखतात. पी असेल तर रेषेपुढे गेलात तरी सरळ मागे येऊन स्टार्ट घेता येतो. आय असेल आणि शेवटच्या मिनिटात पुढे गेलात तर रेषेच्या टोकाला वळसा घालूनच परतावं लागतं. यू किंवा काळा असेल तर शेवटच्या मिनिटात रेषा आणि पहिल्या बोयच्या (तरंगत्या खुणेच्या) त्रिकोणात सापडलात की शर्यत गेली. फरक इतकाच की स्टार्ट पुन्हा झाला तर यू माफ करतो, काळा करत नाही. काळ्या झेंड्याखाली अर्धी लांबी मागे राहिलेलं परवडतं.

रेषेचं कुठलं टोक वाऱ्याच्या जवळ आहे हे पाण्यावर जाऊन मोजा, किनाऱ्यावरून अंदाज करू नका. रेषेवर जा, मेनशीट (शीड ओढायची दोरी) सैल सोडा, नाळ (बोटीचं पुढचं टोक) नेमकी वाऱ्यात धरा आणि होकायंत्र वाचा. समजा 260 अंश आले. वाऱ्याला काटकोनात टाकलेल्या रेषेवर कमिटी बोटीवरून (एका टोकाची पंचांची बोट) पिनची (दुसऱ्या टोकाचा बोय) दिशा 170 यायला हवी. 175 आली तर पिन 5 अंशांनी सरस, म्हणजे वाऱ्याच्या जवळ. 100 मीटरच्या रेषेवर 5 अंश म्हणजे वाऱ्याच्या दिशेनं साधारण 9 मीटरचा फरक, म्हणजे लेझरच्या दोन लांब्या. होकायंत्र नसेल तर रेषेवरूनच आडवे चाला, शीड फडफडणं थांबेल इतकंच मेनशीट ओढा आणि ते तिथेच अडकवून वळून उलट दिशेनं या. आता शीड फडफडलं, म्हणजे अजून ओढावं लागलं, तर तुम्ही सरस टोकाकडे चालला आहात.

हे एकदा करून भागत नाही. जलाशयावरचा वारा, त्यातही हुसेन सागरसारख्या चहूबाजूंनी इमारती असलेल्या तलावावरचा, सतत फिरतो. स्टार्टच्या वीस मिनिटं आधीपासून दर दोन-तीन मिनिटांनी नाळ वाऱ्यात धरून आकडा बघा आणि ग्रीस पेन्सिलनं डेकवर लिहा. 250 ते 270 मध्ये डोलत असेल तर 260 मधला धरायचा. शेवटचा आकडा 2 मिनिटं उरली असताना घ्या आणि मग निर्णय बदलू नका.

टोक सरस आहे म्हणून नेमकं टोकावर जाऊ नका, कारण सगळी गर्दी तिथेच येते. तुमच्या अनुभवाला रेषेचा सरस बाजूचा तिसरा हिस्सा, पण टोकापासून चार-पाच बोटी आत, ही जागा योग्य. कमिटी बोटीपाशी तर एक सापळाच असतो. वरून तिरकं येऊन कमिटी बोट आणि खालची बोट यांच्यामध्ये घुसू पाहणाऱ्याला तिथे जागा मागण्याचा हक्कच नसतो. खालच्यानं फट बंद केली की कमिटी बोटीला धडक, नाहीतर त्याच्यावर आदळून दोन चकरांचा दंड.

आता शेवटचं मिनिट. स्टारबोर्ड टॅकवर (वारा उजवीकडून), रेषेच्या दोन-तीन लांब्या मागे, रांगेत या. सेंटरबोर्ड (तळाखालची फळी) पूर्ण खाली, मेनशीट सैल, शीड फडफडतं, बोट जेमतेम सरकती. नाळ वाऱ्याच्या फार जवळ नेऊ नका. बोट थांबली की सुकाणू चालत नाही आणि सेंटरबोर्डही धरत नाही. मग ती खालच्या शेजाऱ्यावर आडवी सरकते, आणि त्याच्यापासून दूर राहणं तुमच्यावर असतं. सुकाणू जोरजोरात हलवून जागा धरणं किंवा पुढे जाणं नियमाबाहेर आहे. शीड उलट ढकलून मागे सरकता येतं, पण तेव्हा बाकीच्यांना वाट तुम्ही द्यायची.

खाली निदान दीड लांबी मोकळी ठेवा. ती चोरायला मागून कुणीतरी येणारच. तो अजून पूर्ण मागे असतानाच नाळ त्या फटीकडे वळवा आणि बूम (शिडाखालचा दांडा) बाहेर जाऊ द्या. फट भरलेली दिसली की तो बहुधा पुढची शोधतो. तो गेला की हळूच पुन्हा वर या. तो खाली घुसलाच तर मात्र हक्क त्याचा. सुरुवातीला त्यानं तुम्हाला हलायला जागा द्यायची असते, पण नंतर स्टार्टआधी तो तुम्हाला नाळ वाऱ्यात येईपर्यंत वर रेटू शकतो. भांडत बसू नका. वेळ उरला असेल तर टॅक करून (नाळ वाऱ्यातून फिरवून) दुसरी फट शोधा.

वेग घेण्यात सगळ्यात मोठी चूक म्हणजे 3 सेकंद उरले की मेनशीट एकदम खेचणं. उभ्या बोटीचं शीड आवळलं की मागचा जोर नाळ वर फिरवतो आणि बोट पुढे जायच्याऐवजी आडवी घसरते. त्याऐवजी मध्यम वाऱ्यात साधारण 10 सेकंद उरताना नाळ नेहमीच्या वाटेपेक्षा 10-15 अंश खाली घ्या, शीड भरेल इतकंच ओढा, बोट सरळ ठेवा, वेग जाणवला की वर येता येता शेवटचं हातभर मेनशीट आत घ्या. खाली राखलेली दीड लांबी इथेच खर्च होते. ती नसेल तर नाळ खाली नेताच येत नाही. 4 नॉट म्हणजे सेकंदाला सुमारे 2 मीटर, म्हणून उभ्यापासून सुरू करताना 10 सेकंदांत दोन-अडीच लांब्या जातात. तुमचा स्वतःचा आकडा बोयपाशी घड्याळ लावून काढा. हलक्या वाऱ्यात तो दुपटीपर्यंत जातो.

रेषा नेमकी कुठे आहे हे मधे बसून कळत नाही. बहुतेक जण भीतीनं एक-दोन लांब्या मागेच राहतात. त्यासाठी रेषेच्या एका टोकाबाहेर जाऊन पिन आणि कमिटी बोटीवरचा झेंडा एका ओळीत आणा आणि त्यांच्या मागे किनाऱ्यावर काय येतं ते पाहा: टॉवर, पाण्याची टाकी, देवळाचा कळस. खूण उंच आणि न हलणारी हवी. मराठवाड्यातल्या धरणांवर उन्हाळ्यात पाणी हटतं आणि सपाट गाळपेराच्या काठावर काहीच उठून दिसत नाही, तेव्हा लांबचा विजेचा मनोरा धरा. शेजाऱ्यांमुळे पिन दिसेनाशी झाली तरी खूण दिसते, आणि सगळे दबकून मागे असताना तुम्ही दीड लांबी निर्धास्त पुढे जाता.

पुढे मुंबईत उतरलात तर ओहोटी-भरतीचा प्रवाह वेगळा हिशेब मागतो. बोयच्या दोरीपाशी पाणी कुठल्या बाजूला वाहतंय ते स्टार्टआधी बघा. प्रवाह रेषेकडे ढकलत असेल तर मागे थांबायचं अंतर वाढवा.

पुढे निघून गेलात आणि एक्स झेंडा (लवकर निघालेल्यांना परत बोलावणारा) आपल्यासाठी आहे असं वाटलं तर लगेच परता, पण परतताना इतर सगळ्यांपासून दूर राहणं तुमचं काम. स्टार्ट बिघडून तुटलेल्या वाऱ्यात अडकलात तर तिथेच झुरत राहू नका. मागच्या एक-दोन बोटींच्या पाठीमागून पोर्टवर (वारा डावीकडून) निघा आणि मोकळा वारा गाठा.

दोन बोटींवरही याचा सराव होतो. 20 लिटरचे दोन रिकामे कॅन झाकण घट्ट लावून तरंगत ठेवा, खाली वाळूचं पोतं, आणि खोलीच्या दीडपट नायलॉन दोरी. रेषा मुद्दाम 15 मीटरच ठेवा म्हणजे दोघांत गर्दी होते. 2 मिनिटांचं घड्याळ लावा. एकानं फट राखायची, दुसऱ्यानं ती चोरायची, आणि पुढच्या वेळी अदलाबदल. स्टार्टनंतर अर्धं मिनिट टॅक न करता चाला, म्हणजे कोण कुणाच्या वाऱ्यात अडकलं ते दिसतं. नाथसागरावर करणार असाल तर ते पक्षी अभयारण्य आहे, त्यामुळे वन विभागाची परवानगी आधी घ्या. लाइफ जॅकेट आणि काठावर एक माणूस हे सगळीकडेच हवं.